मनूताईंची जखम

मनूताई माणसांशी मराठीत बोलायच्या आणि देवाशी माळवीत. धारजवळच्या अमझेऱ्यात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या गाभाऱ्यात उभ्या राहून लक्ष्मणाला रागावत होत्या. त्याचं पितांबर सारखं सुटत होतं. "सीदो ऊबो रे नी," असं त्याला म्हणून त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "यावे. चपला त्या बाजूला काढाव्यात."

मी तिथल्या सरकारी शाळेत बदलून आले होते. घर देवासला, नवऱ्याची नोकरी देवासला, त्यामुळे आठवडाभर अमझेऱ्यात राहायचं आणि शनिवारी धार, इंदूर करत घरी जायचं असा माझा क्रम होता. देवळामागे मनूताईंच्या दोन खोल्या होत्या आणि तिसरी त्यांनी मला भाड्याने दिली. पुढे ओळख वाढल्यावर मी त्यांना माळवीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "मूर्ती पूर्वजांनी महाराष्ट्रातून आणल्या हे खरं. पण रामाला इथे येऊन किती पिढ्या झाल्या. आमच्या पोरांना मराठी वाचता येत नाही, मग त्याच्या लक्षात कशी राहणार?"

उंच, सडपातळ बाई. पन्नाशी ओलांडली होती. चालताना डावीकडे किंचित झुकायच्या, कारण विहिरीवरून पाण्याची घागर वर्षानुवर्षं त्याच कमरेवर आणलेली. आवाज मोठा. सकाळी हिंदी पेपर घेऊन ओट्यावर बसायच्या आणि बातमी वाचता वाचताच तिचं मराठी करून मोठ्यानं म्हणायच्या. ऐकायला मी असले तर असले, नसले तरी वाचन त्याच आवाजात चालायचं. दुपारी कॅरम. उजव्या हाताचा डाव वेगळा, डाव्याचा वेगळा. डावा हात लबाडी करतो अशी त्यांची कायमची तक्रार होती. "काल राणी घेतली आणि वर कव्हर दिलंच नाही यानं," असं त्या मला खरंच चिडून सांगायच्या.

कुठलंही दुःखाचं बोलणं निघालं की त्या ते थोडा वेळ चालू द्यायच्या आणि मग म्हणायच्या, "असो. भाजी कोणती करायची?" शेजारच्या घरी कोणी गेलं तेव्हाही त्या भेटून आल्या, रडून आल्या आणि उंबऱ्यातच मला म्हणाल्या, "असो. भाजी कोणती करायची?"

देऊळ त्यांच्या घराण्याचं. वडील पूजा करायचे. भाऊ नव्हता. वडील गेले तेव्हा मनूताईंचे चुलतभाऊ, धारचे बाळदादा, म्हणाले की एखादा पुजारी ठेवू. ते सांगत असतानाच मनूताई न्हाऊन आल्या आणि गाभाऱ्यात शिरल्या. तेव्हापासून पूजा त्यांची. बाळदादांना ते पटलं नव्हतं, पण धारहून रोज येणार कोण? एक गोष्ट मात्र त्यांनी कबूल करून घेतली. महिन्याचे ते चार दिवस मनूताईंनी पायरी चढायची नाही. ते चार दिवस फुलं आणणारा भेरूलाल माळी पूजा करायचा आणि मनूताई बाहेरच्या ओट्यावरून त्याला सूचना द्यायच्या. पाणी कमी घाल, देवाला सर्दी होईल. सीतेचं तोंड पुस. भेरूलाल आतून "हाओ जीजी, हाओ जीजी" करत राहायचा.

पुढे वय झालं आणि ते थांबलं. "त्या वर्षी मी गावात पेढेच वाटणार होते," मनूताई मला म्हणाल्या होत्या, "पण कशाचे म्हणून सांगायचं?"

मी राहायला गेल्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात, संक्रांत होऊन गेल्यावर, एकदा शाळेतून आले तर मनूताई बाहेरच्या ओट्यावर आणि आत भेरूलाल. कंबर धरली आहे, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग दोन दिवस त्या आत गेल्या आणि पुन्हा बाहेर बसल्या. कंबर धरलेली बाई विहिरीवरून घागर कशी आणते हे मला कळेना. एका संध्याकाळी मी मीठ मागायला त्यांच्या खोलीत गेले, तर आतल्या दोरीवर जुन्या धोतराच्या फाडलेल्या घड्या वाळत होत्या. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

"देवाचं काहीतरी चुकलं माझ्याकडून," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांनी परत बाहेर बसवलं त्यानं."

मी त्यांना सांगितलं की पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं तर ते देवाला नाही, डॉक्टरला दाखवायचं असतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग बाळदादांना कळता कामा नये, एवढंच म्हणाल्या. पुढच्या शनिवारी मी देवासला न जाता त्यांच्याबरोबर धारला उतरले.

धारच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गर्भाशयाच्या तोंडावरून पुसून नमुना घेतला आणि काही दिवसांनी बोलावलं. नमुन्यात पेशी बिघडलेल्या निघाल्या. दुर्बिणीतून बघून नेमका तुकडा काढून तपासायला हवा होता आणि ते यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. इंदूरला जा म्हणाल्या. मी म्हटलं, देवासला माझ्या ओळखीच्या डॉक्टरबाई आहेत, त्यांच्याकडे यंत्र आहे आणि राहायला माझं घर आहे.

 परतीच्या बसमध्ये मनूताईंनी मला पहिल्यांदा सांगितलं की त्यांचं सासर देवासचं होतं. नवरा कोर्टात कामाला. सहा वर्षं संसार केला, मूल झालं नाही, मग त्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली. रीतसर फारकत झाली आणि त्याने तिच्याशी लग्न केलं. मनूताई ट्रंक घेऊन वडिलांकडे परत आल्या आणि त्यानंतर इंदूरच्या पुढे कधी गेल्या नाहीत. तो मागेच वारला. ते त्यांना रामनवमीच्या प्रसादाच्या पंगतीत कोणीतरी बोलता बोलता सांगितलं. "वाढायचं काम चालू होतं," त्या म्हणाल्या. "कढी वाढत होते मी."

एवढं सांगून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. भाजीचं काही विचारलं नाही.

देवासच्या बाईंनी दुर्बिणीतून पाहिलं, तुकडा घेतला आणि अहवाल आल्यावर आम्हाला समोर बसवून सगळं सांगितलं. कॅन्सर नाही. पण पेशी बऱ्याच बिघडल्या आहेत आणि सोडून दिल्या तर काही वर्षांनी होऊ शकतो. तारेच्या एका बारीक वेटोळ्यानं तेवढा भाग काढून टाकायचा. तिथल्या तिथे बधिर करून होतं, त्याच दिवशी घरी. मनूताईंनी विचारलं, हे होतं कशानं? बाई म्हणाल्या, एक विषाणू असतो. तो नवरा-बायकोच्या संबंधातून येतो. बहुतेक बायकांच्या अंगातून आपोआप जातो, काहींच्या अंगात वर्षानुवर्षं दबून राहतो.

"कितने बरस?" मनूताईंनी विचारलं.

"बीस, तीस. कभी-कभी पूरी ज़िंदगी. किससे आया, ये कोई नहीं बता सकता."

 मनूताई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "आणि मला वाटत होतं, त्या लग्नातलं माझ्याकडे काहीच उरलं नाही."

बाईंना मराठी येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ऑपरेशनची तारीख विचारली.

ऑपरेशनच्या दिवशी बाईंनी मला मनूताईंच्या उशाशी उभं राहू दिलं. पाय वर बांधलेले, अंगावर हिरवी चादर, आणि देवळात कधी डोक्यावरचा पदर न ढळू दिलेल्या त्या बाई छताकडे बघत पडलेल्या. सुईला त्या दचकल्या. मग यंत्राचा गुणगुण आवाज सुरू झाला आणि जळका वास आला. मनूताई पुटपुटायला लागल्या. मला वाटलं देवाचं नाव घेत असतील. वाकून ऐकलं तर त्या पूजा करत होत्या. दुपारच्या पूजेची वेळ झाली होती. आता पाणी, आता पुसून घे, आता गंध, लक्ष्मणाला आधी नको रे, आधी रामाला. अमझेऱ्यात त्या वेळी भेरूलाल आत असणार आणि इथून त्या त्याला सूचना देत होत्या. "हो गया," बाई म्हणाल्या तेव्हा मनूताईंचा नैवेद्य व्हायचा होता. त्यांनी हात वर करून बाईंना थांबायची खूण केली, नैवेद्य पुरा केला आणि मग म्हणाल्या, "हाओ."

बाईंनी बजावलं की तीन-चार आठवडे पाण्यासारखं, तपकिरी जात राहील, मधून रक्तही दिसेल, घाबरायचं नाही. जड उचलायचं नाही. घागर तर अजिबात नाही. जास्त रक्त गेलं किंवा ताप आला तर लगेच यायचं. काढलेला भाग तपासायला पाठवला होता. कडेपर्यंत सगळं निघालं की नाही ते दहा-बारा दिवसांत कळणार होतं.

त्या रात्री त्या आमच्याकडे राहिल्या. सकाळी चहा झाल्यावर परत निघायची तयारी करताना त्या म्हणाल्या, "मास्तरीण, एका घरी जायचं आहे." मला त्या कायम मास्तरीणच म्हणायच्या. कुठलं घर ते मी विचारलं नाही. डॉक्टरांनी फार चालू नका म्हटलं होतं म्हणून रिक्षा केली. टेकडीच्या पायथ्याकडून एक गल्ली आत गेली होती. मनूताई रिक्षावाल्याला हातानं वळणं दाखवत होत्या आणि एकही चुकल्या नाहीत. घर दुमजली झालं होतं. दारावर अजून मनूताईंच्या नवऱ्याच्याच नावाची पाटी होती.

दार एका बाईंनी उघडलं. वय मनूताईंच्या जवळपासचं, अंगात गाऊन, खांद्यावर ओढणी. त्यांचं नाव सुमन. त्यांनी मनूताईंकडे पाहिलं आणि दाराची कडी हातातून सोडली नाही.

"मी मनोरमा," मनूताई म्हणाल्या.

"ओळखलं मी. फोटो आहे घरात."

"मी भांडायला आले नाही. बसणारही नाही. दोन मिनिटं ऐकून घ्या."

उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी सगळं सांगितलं. आजार कुठल्या जागेचा, काय निघालं, काल काय केलं, काहीही आडून नाही. पूजेची सामग्री समजावून सांगावी तसा आवाज. शेवटी म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात कुणाकडून आलं ते सांगता येत नाही. त्यांचं बरोबर असेल. पण मला दुसरं कोणी माहीत नाही. म्हणून तुम्हाला सांगायला आले. एकदा तपासून घ्या."

 समोरच्या घरातली बाई गच्चीवरून बघत होती. मला वाटलं आता दार लागणार.

"दुखतं का?" सुमनबाईंनी विचारलं.

"तपासणीला नाही. लाज वाटते, तीच जास्त."

"तुमच्याबरोबर या आहेत. माझ्याबरोबर कोणी नाही. मुलगा बेंगलुरूला असतो."

"मग जायच्या आधी मला फोन करा," मनूताई म्हणाल्या. "मी येईन."

मी माझा आणि त्यांचा नंबर दिला. सुमनबाईंनी आत या म्हटलं नाही. पण आमची रिक्षा वळेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. मनूताईंनी मागे वळून पाहिलं नाही. इंदूर येईपर्यंत त्या बसमध्ये डोळे मिटून होत्या. झोपल्या नव्हत्या, कारण गाडी खड्ड्यात आदळली की पोटावर हात धरत होत्या.

अमझेऱ्याला परतल्यावर तीन दिवस त्या ओट्यावरच बसल्या. चौथ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर त्या न्हाऊन ओलेत्यानं पायरीशी उभ्या होत्या. फुलांची परडी घेतलेला भेरूलाल बाजूला.  मला पाहून म्हणाल्या, "मास्तरीण, गुडघा फुटला तर पूजा थांबते का?"

"नाही."

"मग ही जखमच आहे. विटाळ नाही." आणि त्या आत गेल्या. आतून माळवीत काहीतरी बोलल्याचं ऐकू आलं, पण त्या दिवशी आवाज इतका हळू होता की मला ते कळलं नाही.

रामनवमीला बाळदादा सगळ्या घरच्यांना घेऊन धारहून आले. दरवर्षीसारखे पाट मांडले, पंचवीस-तीस पानांचा स्वयंपाक झाला, जन्माची वेळ जवळ आली. भेरूलाल विहिरीवरून घागर आणत होता. ते बघून बाळदादांनी सहज विचारलं, मनू, तू का नाही आणत, बरं नाही का? त्यांना कंबर सांगता आली असती. मी शेजारीच उभी होते. मनूताई म्हणाल्या, "दादा, मला छोटं ऑपरेशन झालं आहे. अजून रक्त जातं थोडं. ती जखम आहे. पूजा मीच करते आहे."

बाळदादा वाईट माणूस नव्हते. ते ओरडले नाहीत. त्यांनी एकदा गाभाऱ्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाले की निदान आजच्या दिवशी तरी भेरूलालला करू दे. मनूताईंनी नाही म्हटलं. मग बाळदादांनी चपला घातल्या. एकेक करून सगळी मंडळी गाडीत बसली. जन्माची वेळ झाली तेव्हा पाळण्याची दोरी ओढायला मनूताई, मी, भेरूलाल आणि त्याची बायको एवढेच होतो. त्या पाळणा म्हणायला लागल्या. दरवर्षी धारच्या बायका मागून ओळ उचलायच्या. मला शब्द येत नव्हते, मी हिंदी शाळेत शिकलेली. त्यांनी पुढची ओळही म्हटली आणि मागचीही. पाळणा संपला आणि त्या मंडपात मांडलेल्या पानांकडे बघत राहिल्या. मग गावातल्या शाळेच्या वसतिगृहात निरोप धाडून त्यांनी मुलींना जेवायला बोलावलं. मुली जेवल्या, हसल्या-खिदळल्या आणि गेल्या. धारची मंडळी पुढच्या रामनवमीला आली नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

अहवाल चांगला आला होता. बिघडलेलं सगळं निघालं होतं, कडा स्वच्छ होत्या. मी पेढे आणले. मनूताईंनी ते रामापुढे ठेवले आणि मला एक दिला. "आता वाटायला कारण आहे," मी म्हटलं. "आहे," त्या म्हणाल्या, "पण कुणाला?"

पावसाळ्यात एकदा त्यांच्या फोनवर सुमनबाईंचा निरोप आला. चष्मा सापडेना म्हणून त्यांनी फोन मला वाचायला दिला. हिंदीत दोनच ओळी होत्या. तपासणी झाली, काही निघालं नाही, धन्यवाद. सुमनबाई एकट्याच जाऊन आल्या होत्या. मनूताईंना मी वाचून दाखवलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. खरंच मनापासून म्हणाल्या. फोन बंद करून पदराला पुसला आणि थोड्या वेळाने, कॅरमच्या सोंगट्या लावताना, म्हणाल्या, "म्हणजे ते मला एकटीलाच दिलं होतं."

 त्यांनी डाव्या हाताला पहिला डाव दिला.

त्यानंतर माझी बदली देवासला झाली. मनूताई आधी सहा महिन्यांनी आणि मग वर्षाच्या वर्षाला तपासणीसाठी यायच्या. अमझेऱ्याहून पहाटेची बस धरून दुपारी आमच्या दारात हजर. एक रात्र राहायच्या. भेरूलालला आधी आठ दिवस तालीम द्यायच्या आणि देवासहून दोनदा फोन करून देवाची खबर घ्यायच्या. माझ्या सासूबाईंना त्यांचं जुनं मराठी फार आवडायचं. त्या दोघी उशिरापर्यंत कुठल्या कुठल्या सणांच्या, मेलेल्या माणसांच्या गोष्टी करत बसायच्या आणि मनूताई एखादा विषय 'असो' म्हणून बंद करत नसत. येण्याच्या आधी महिनाभर त्यांचे फोन सुरू व्हायचे. काय आणू, पापड आणू का, तुमच्याकडे भाजीला गिलकी मिळतात का.

शेवटच्या खेपेला डॉक्टरबाईंनी तपासलं, आधी आलेला अहवाल पाहिला आणि हसून म्हणाल्या की सगळं उत्तम आहे. "अब तीन साल बाद. और इतनी दूर मत आइए, धार में ही हो जाएगा. वहाँ भी अब मशीन आ गई है."

मनूताईंनी विचारलं, "अगले साल आ जाऊँ तो?"

"काहे को? आप बिल्कुल ठीक हैं."

"तो भी?"

बाई माझ्याकडे बघून पुन्हा हसल्या. मनूताईही हसल्या आणि पर्स उघडून रुमाल शोधायला लागल्या. बाहेर आल्यावर मी म्हटलं, तपासणी नसली तरी यायचं, घर आहे आपलं. त्या म्हणाल्या, "येईन की." पण देव भेरूलालवर सोडून बाई उगाच गावाला गेली असं त्यांच्या हातून होणार नव्हतं, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडी भरत होती. खिडकीजवळची जागा मिळाली आणि त्यांनी आपली पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली. मी खाली खिडकीशी उभी राहून, पोहोचल्यावर फोन करा वगैरे सांगत होते. तेवढ्यात एक माणूस आत चढला आणि त्या सीटपाशी थांबला.

"माताजी, इधर कोई आ रहा है क्या?"

मनूताईंनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. त्यांनी ती उचलून मांडीवर घेतली.

"नहीं भिया," त्या म्हणाल्या. "कोई नहीं. बैठो."